राणीछाप आई

जुनं चांदीचं नाणं लख्ख कसं करायचं, असं कुणी विचारलं की मी सांगते, करू नका. राहू दे तसंच काळं. त्याच्या काळेपणानं तुमच्या पोटात का दुखतंय? मग लोक हसतात, म्हातारी चिडकी आहे म्हणतात. आहेच मी चिडकी. सोलापुरात गिरणीच्या मागच्या चाळीत वाढले मी. तिथल्या नळावर जी बाई गोड बोलायची तिची घागर रिकामी राहायची. पण या चिडण्याचं कारण नळ नव्हे. कारण एक रुपया आहे, आणि तो कुणाच्या गळ्यात कसा गेला हे एकदा नीट सांगून टाकते.

माझी आई गेली तेव्हा मी अंगावर पीत होते म्हणे. म्हणजे मला तिचं काही म्हणता काही आठवत नाही. तिचा फोटोही नव्हता. फोटो निघायचे ते साहेबांचे. मागावर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोचा फोटो कोण काढतो? माझ्या वडिलांना मी अण्णा म्हणत असे. ते गिरणीत विणकामखात्यात होते आणि मागांच्या खडखडाटानं अर्धे बहिरे झाले होते. घरात त्यांची थोरली बहीण होती, विधवा. ती माझी आत्या. तिनं मला वाढवलं हे खरं, पण त्या दोन खोल्यांत तिच्या शब्दाबाहेर वरणाला उकळीसुद्धा यायची नाही.

मी चालती-बोलती झाल्यावर आत्यानं अण्णांचं दुसरं लग्न ठरवलं. पोरगी दुधनीच्या पलीकडची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिची निम्मी भाषा कानडी आणि उरलेली निम्मी घाबरलेली.

आता आमच्यातली रीत सांगायला हवी. पहिली बायको मेली आणि दुसरी आणली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. सवतीचा टाक म्हणतात त्याला. मेलेली बाई घरातच आहे, मान तिचा पहिला, असा त्याचा अर्थ. दुसरीनं जेवायच्या आधी तिला घास दाखवायचा, नवं लुगडं नेसायच्या आधी तिला लावायचं, आणि घरात काही वाईट झालं तर तिची माफी मागायची. मेलीचा थाट जितीपेक्षा मोठा!

टाक करायला अण्णा सोनाराकडे गेले तेव्हा मी त्यांचं बोट धरून बरोबर होते. सोनारानं साचा दाखवला. त्यात एक बाई होती, दोन्ही हात लोंबते सोडलेली, डोळे वटारलेली. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला.

"ही कुटं हिच्या आईसारकी दिसती?" ते म्हणाले.

सोनार म्हणाला, "अहो, टाकातली बाई कुणासारखीच दिसत नसते. सगळ्यांना हाच साचा."

अण्णांनी कनवटीचा रुपया काढून त्याच्यापुढं ठेवला. राणीछाप, जुना. "मग हाच घ्या की. ह्याच्यावर बाईचं तोंड हायच. वर कडी लावा, झालं."

"अहो, ही विलायतेची राणी."

"राणी काय बाई न्हाय व्हय?"

सोनार पोट धरून हसला आणि त्यानं कडी लावून दिली. एवढा संवाद मला आठवतो तो पुढं अण्णांनी दहा जणांना हसत सांगितला म्हणून. त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी तिथं सोनाराची फुंकणी बघत बसले होते.

लग्नात तो रुपया काळ्या दोऱ्यात ओवून नव्या नवरीच्या गळ्यात घातला. आत्यानं मला पुढं ढकललं, माझी मान धरून वाकवली आणि म्हणाली, "ही बग तुजी आई. पाया पड."

मी बघितलं. भरलेला गाल, सरळ नाक, मिटलेले ओठ, डोक्यावर मुकुट, अंगावर वेलबुट्टीचं वस्त्र. चाळीतल्या बाकीच्या पोरींच्या आया जोंधळ्याच्या भाकऱ्या थापत होत्या, आणि माझी आई मुकुट घालून बसली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळ्या पिटल्या, आणि आत्यानं पाठीत एक धपाटा घातला.

नवी नवरी चौदा-पंधरा वर्षांची असेल. मी तिला आई म्हणायला गेले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई म्हनू नगं. ती ऐकतीया. अक्का म्हन." म्हणून ती माझी अक्का. सावत्र आई छळते वगैरे लोक सांगतात, तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. अक्काला मला छळायची सवडच नव्हती, तिला छळायला आत्या होती ना!

मी अक्काच्या कुशीत झोपायची. झोपताना माझा हात आपोआप तिच्या गळ्याकडे जायचा आणि बोटानं मी आईचं नाक चाचपायची. नाण्याला अक्काच्या अंगाची ऊब असायची. माझ्या लेखी ती आईचीच ऊब. सकाळी अक्का उठली की नाणं मुठीत धरून काहीतरी पुटपुटायची. काय म्हणतेस विचारलं तर म्हणायची, "तुजी पोरगी जेवली, झोपली, सगळं सांगते तिला." तसा हिशोब देणारं माणूस मला पुढं जन्मात कुणी भेटलं नाही.

पहिल्या पितृपक्षात अविधवा नवमी आली. सवाष्ण मेलेल्या बायकांचा तो दिवस. नाणं पाटावर मांडून त्याची पूजा करायची होती, आणि ते घामानं मळून गेलेलं. अक्कानं आपल्या मनानं चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली, आणि नारळाच्या शेंडीनं नाणं घासून घासून चकचकीत केलं. तिला वाटलं, शाबासकी मिळेल. आत्या बघते तर काय! तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं ए बये! मेलेल्या बाईचं तोंड घासतीस? कातडं सोलतीस तिचं? तुजं कुनी आसं राखंनं घासलं तर?"

अक्कानं नाणं पदरात झाकलं. "बेड अव्वा, बेड," एवढंच तिच्या तोंडून निघालं. नको गं बाई, नको. ती आत्याला म्हणाली की नाण्याला, देव जाणे. त्यानंतर तिनं नाण्याला पाण्याशिवाय काही लावलं नाही. कुंकू लावायचं तेवढं लावायची. महिन्या-दोन महिन्यांत ते काळं पडलं, डोळ्यांच्या नि ओठांच्या खाचांत कुंकू बसलं. मला तशी आई जास्त आवडायची. नाकडोळे नीट उठून दिसायचे.

पुढल्या साली अक्का बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला आणि पाचवी पुजायच्या आतच गेला. अक्का परत आली ती सोलून काढल्यासारखी. दारात भाकरतुकडा ओवाळायचा सोडून आत्यानं आधी तिच्या गळ्यातलं नाणं हातात घेतलं.

"हे बग. काळीठिक्कर पडलीया. रुसनार न्हाय तर काय? सवाशीन बाई, तिला आशी मळकट ठिवलीस. तिनंच न्हेलं पोर."

हीच ती आत्या! वर्षापूर्वी कातडं सोलतीस म्हणणारी! मी लहान होते, तरी मला ते कळलं आणि मी म्हटलं, "आत्या, तूच म्हणाली होतीस घासू नको." त्याबद्दल मला जे मिळालं ते गालावर मिळालं. आत्यानं उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तिचं ते बोलणं अक्काच्या जन्माला पुरलं. त्या दिवसापासून अक्का दर अमावास्येला नाणं घासायला लागली. चिंच, राख, शेंडी. तिला एक पोर जगवायचं होतं. बाकी तिला सोलापुरात काही नको होतं, ना गड्ड्याच्या जत्रेतल्या बांगड्या, ना लुगडं. एक जिवंत पोर, बस्स.

मी म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत जात होते. आमच्या वर्गात राजाचं चित्र होतं, पण हेडबाईंच्या खोलीत मुकुट घातलेल्या बाईचं एक जुनं, डाग पडलेलं चित्र टांगलेलं होतं. एकदा मला खडू आणायला तिकडं पाठवलं. मी चित्र बघितलं मात्र, जागच्या जागी हात जोडले.

"काय गं, काय करतेस?" हेडबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "ही माझी आई आहे."

हेडबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी दुसऱ्या बाईंना बोलावलं आणि मला परत म्हणायला लावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळलं. "ए राजकन्ये, तुझा राजवाडा कुठल्या चाळीत? हत्ती संडासाच्या रांगेत बांधता का गं?" पोरी काय, बोलणारच. मी घरी आले ती दप्तर भिरकावून. अक्का पीठ चाळत होती.

"ही माझी आई न्हाय! ही विलायतेची राणी हाय!"

अक्कानं चाळण खाली ठेवली. "व्हय की. राणीछाप रुपया हाय तो. मला ठावं हाय."

"मग तू मला का सांगितलं न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं? तुजी आई येऊन बसलीया की त्यात."

"मग ती दिसायची कशी?"

अक्कानं हाताचं पीठ झटकलं. "मी कुटं बगितलंय तिला? डोळं मिटलं की मला बी हेच तोंड दिसतं."

रात्रीच्या जेवणाला अण्णा बसले तेव्हा मी त्यांना विचारलं. मोठ्यानं विचारावं लागायचं. माझी आई कशी दिसायची? अक्कासुद्धा तवा सोडून वळून बसली, तिलाही ऐकायचं होतं. अण्णांनी घास गिळला. विचार केला. मग म्हणाले, "होती की. बाईसारकी बाई."

आत्या म्हणाली, "सावळी हुती. कामाला वाघीन."

एवढंच. एका बाईनं त्या घरात संसार केला, मला जन्म दिला, आणि तिच्या नाकाबद्दल सांगायला दोन माणसांपाशी मिळून एक शब्द नव्हता. अण्णा वाईट नव्हते हो. पगार झाला की माझ्यासाठी चुरमुऱ्यांचा भत्ता आणायचे. पण त्या उत्तराचा मला आजही राग आहे, आणि तो मी बरोबर घेऊन जाणार.

अक्कानं मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "आपुन हेच तोंड धरू. वाईट न्हाय की ते." मग आम्ही दोघींनी राणीलाच आई धरलं. खोटं आहे हे ठाऊक असूनही धरलं. दुसरं होतं काय आमच्यापाशी?

सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या वर्षी अक्काला मुलगी झाली. या वेळी बाळंतपण सोलापुरातच झालं, आत्याच्या नजरेखाली. पोरगी गुटगुटीत. ती रांगायला लागली, उंबरा ओलांडायला लागली, आणि अक्का पहिल्यांदा मोठ्यानं हसलेली मी ऐकली. मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पत्र्याखाली घरात जीव नकोसा व्हायचा, अंगाला घामाच्या धारा, आणि त्या घामानं अक्काच्या गळ्यातलं नाणं चार दिवसांत काळं. त्यातच पोरीला हगवण लागली.

आत्यानं नाणं बघितलं आणि नुसती मान हलवली.

अक्का मोरीवर बसली. एका मांडीवर पोरगी, दुसऱ्या हातानं नाणं घासतेय. राखेनं समाधान होईना म्हणून तिनं रांगोळी घेतली. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठच ते! पोरीला लिंबाचं पाणी पाज, वैद्याकडं ने, असं चाळीतल्या बायका सांगत होत्या. तेही ती करत होती, पण तिची सगळी भिस्त त्या घासण्यावर. नाणं लख्ख झालं आणि त्याच दुपारी पोरगी गेली.

तेव्हा मी नाणं नीट बघितलं. मुकुट गेला होता. केसांच्या जागी नुसता उंचवटा राहिला होता.

कडी झिजली म्हणून अण्णा ते सोनाराकडं घेऊन गेले. सोनार म्हणाला, "किती घासता हो? चांदी मऊ असते. रिठ्याच्या पाण्यात भिजवा, फडक्यानं टिपा, बाकी हात लावू नका." अण्णांनी घरी येऊन तसं सांगितलं. आत्या फणकारली, "सोनाराचं काय जातंय? त्याची पोरं मरत्यात व्हय?" यावर अण्णांनी नाणं उलटं करून बघितलं आणि म्हणाले, "मागची बाजू शाबूत हाय. अक्षरं नवी कोरी." खरंच होतं ते. मागच्या बाजूला कुणी कधी घासलंच नव्हतं. तिथं काही आई नव्हती.

पुढं अक्काला परत दिवस गेले. आता तिनं अमावास्येची वाट बघायचं सोडून दिलं. रोज सकाळी अंघोळ झाली की मोरीवर बसायची. चिंचेच्या आंबटानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यात राख-रांगोळी जायची. घासताना दात आवळून ती श्वास आत ओढायची, तो आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. मी एकदा सगळी चिंच गटारात फेकली. तिनं शेजारच्या तेलुगू विणकरीणबाईकडून वाटीभर मागून आणली.

राणीचे ओठ गेले. मग डोळा गेला. नाक तेवढं राहिलं होतं, माझ्या बोटाला अंधारात सापडायचं ते. एके दिवशी हात लावला तर तेही लागेना. बोट सरळ निसटलं. मला रडू फुटलं.

"अक्का, आई पुसली की गं. सगळी पुसली."

"पुसू दे," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "ती गेली म्हनून मला हे घर मिळालं. तिला जे पायजे ते घिऊ दे. तोंड घिऊ दे, माजे हात घिऊ दे. माजं एवढं एक राहू दे."

मी बारा-तेरा वर्षांची पोरगी. मला माझ्या आईचं नाक हवं होतं आणि तिला पोर. कुणाचं मागणं मोठं हे मलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी मीच तिला चिंच भिजवून दिली.

मुलगा झाला. जन्मला तोच असा काही किंचाळला की गिरणीचा भोंगा झाला म्हणून चाळीतले लोक हसले. पाचवी झाली, तो जगला. बारावं झालं, जगला. अक्का मात्र उठली नाही. तिला ताप भरला तो उतरेना. सुईण म्हणाली वारं लागलं, डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांना नीट ऐकू आलं नाही. अंगातून घाम निथळत होता आणि पोर तिच्या शेजारी हात-पाय झाडत होतं. तिला त्याच्याकडं कुशीवर वळतासुद्धा येत नव्हतं.

तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पोराचं काही सांगेल.

"नाणं बग गं," ती म्हणाली. "काळं पडलंय का?"

मी तिच्या गळ्यातलं नाणं उचललं. तापाच्या घामानं ते कोळशासारखं झालं होतं. नाक नाही, डोळा नाही, नुसती काळी चकती.

"न्हाय," मी म्हटलं. "लख्ख हाय."

"मग पोराला काय व्हत न्हाय," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ना, ते बघून मला त्या रुपयावर, आत्यावर, अण्णांवर, सगळ्या रीतीभातीवर थुंकावंसं वाटलं. माझ्या हातात काही नव्हतं. ती त्याच दिवशी गेली.

उचलायच्या आधी आत्यानं तिच्या गळ्यातला दोरा तोडला. "टाक जाळत न्हाईत," ती म्हणाली.

वर्ष पुरं व्हायच्या आत अण्णांचं तिसरं लग्न झालं. पोराला कोण बघणार, या एका प्रश्नावर सगळ्यांची तोंडं बंद होती. माझंही लग्न ठरलेलं होतं. आता प्रश्न आला टाकाचा. मेलेल्या दोन, म्हणजे टाक दोन हवेत. आत्या म्हणाली, दुसरीचा येगळा करा. अण्णांनी रुपया हातात घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि म्हणाले, "येकच पुरं. दोगी ह्यातच. तसं बी ह्याच्यावर तोंड कुनाचंच न्हाय."

आणि ते नाणं गेलं तिसरीच्या गळ्यात! जिनं ते घासण्यात हात फाडून घेतले तीही त्यातच जाऊन बसली. मी लग्नाच्या त्या गर्दीत ओरडले, की अक्काचा निराळा करा, माझ्या लग्नात मला काही देऊ नका पण तिचा करा. बायकांनी मला आत नेलं. पोरगी सासरी जायची म्हणून हळवी झाली, असं म्हणाल्या.

मला होटगीला दिलं. नवरा रेल्वेत कामाला. होटगी जवळच, गाडीत बसलं की आलंच सोलापूर, पण माहेरी यायला माझं मन घ्यायचं नाही. यायची ती भावासाठी. तो वाढत होता. अक्काचा पोरगा, हट्टी, तुरुतुरु बोलणारा, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसणारा. त्याला बघितलं की वाटायचं, अक्का, मिळालं गं तुला. आणि लगेच वाटायचं, कुणाला मिळालं? तिनं त्याला धड मांडीवरसुद्धा घेतलं नाही.

एकदा नागपंचमीला आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि आंबट वास आला. मोरीच्या कट्ट्यावर वाटीत चिंच भिजत घातलेली. तिसरी आई, म्हणजे माझ्याच वयाची पोरगी, पोट सांभाळत पाटावर बसली होती आणि मान खाली घालून नाणं घासत होती. तिच्या बोटांना नुकत्याच भेगा पडायला लागल्या होत्या. आत्या आता फार थकली होती, पण तिच्या जिभेला थकवा नव्हता. आतून म्हणाली, "काळं पडलं हुतं. म्या सांगितलं तिला."

"आता त्यावर घासायला राहिलंय काय?" मी म्हटलं. "घासू नका हो. पाण्यानं धुवा आणि पदरानं टिपा. आत दोघी आहेत."

तिसरीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे मी ओळखले. अक्काचे असेच असायचे मोरीवर. "दोगी हायत म्हनून तर घासते," ती म्हणाली.

माझा भाऊ तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं तिच्या हातातून नाणं ओढून घेतलं आणि मला दाखवलं.

"आक्का, ही माजी आई हाय." तो मलाच अक्का म्हणायचा. "हिचं तोंड कुटं हाय?"

त्यानं नाणं फिरवलं. मागची अक्षरं खणखणीत होती. पुन्हा फिरवलं. गुळगुळीत.

मी त्याला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागले. मला अण्णांसारखं उत्तर द्यायचं नव्हतं. जीव गेला तरी द्यायचं नव्हतं. मी सांगितलं, हे बघ, कपाळावर हितं हिरवं गोंदण होतं. पुढचा एक दात तिरका होता, हसली की वरचा ओठ त्याच्यावर अडकायचा. उजवी भुवई मधे तुटलेली, लहानपणी शेळीनं शिंग मारलं होतं. नाक बसकं होतं, तुझं आहे ना, अगदी तसंच. रंग गव्हाळ. आणि कान लांब, तुझ्यापेक्षा लांब. मी सगळं सांगितलं, बोटानं त्याच्या तोंडावर फिरवून फिरवून सांगितलं. तिसरी घासायची थांबून ऐकत होती.

तो माझं बोलणं संपेपर्यंत नाण्याकडेच बघत होता. मग त्यानं ते डोळ्याजवळ नेलं, उन्हात धरलं, फडक्यानं पुसलं आणि परत बघितलं.

"न्हाय दिसत," तो म्हणाला.

नाणं तिसरीच्या हातात देऊन तो गल्लीत खेळायला पळाला. तिनं वाटीतली चिंच कुस्करली आणि पुन्हा घासायला लागली.